घडी मोडायला याल का?

एकदा भर दुपारी आमच्या कोलकात्यातल्या डमडमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात पांढऱ्या गणवेशातला एक ड्रायव्हर. मला वाटलं, पत्ता चुकला असेल. तर बंगालीत मावशी म्हणून हाक मारून म्हणतो कसा, "माशीमा, अलिपूरच्या मॅडमनी पाठवलंय. तुम्ही खऱ्या आहात का ते बघून यायला सांगितलंय."

खऱ्या म्हणजे? मी स्वतःकडे एकदा पाहून घेतलं. हाताला कणीक, गाऊनवर ओढणी. म्हटलं, "बघ बाबा. याहून खरी कुठे मिळायची?" तो आत आला, चहा प्यायला, भिंतीवरचे फोटो नीट पाहिले, आमच्या ह्यांना नमस्कार करून त्यांचं रेल्वेतलं पद विचारलं. आणि जिना उतरता उतरता फोनवर म्हणाला, मला सगळं ऐकू येत होतं, "मॅडम, औरत असली है. पति भी है."

त्याच संध्याकाळी अलिपूरच्या मॅडमनी माझ्या लिंकवरून अंग रगडणारी ती मोठी खुर्ची मागवली. माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त आनंद झाला. म्हणाले, "बघ, नवरा असल्याचा कधीतरी उपयोग होतो."

मी काय काम करते हे कुणी विचारलं की माझी पंचाईत होते, म्हणून आधी तेच सांगते. मी दुकानदार नाही. माल माझ्याकडे नसतो, मी तो विकत घेत नाही, बांधत नाही, पाठवत नाही. मी नुसती बोलते. महागातल्या साड्या, परदेशी कॉफीची यंत्रं, चांदीची पूजेची भांडी, असल्या वस्तूंबद्दल फोनवर व्हिडिओ करते. व्हिडिओखाली कंपनीची लिंक असते. त्या लिंकवर बोट ठेवून कुणी वस्तू घेतली, की कंपनीला कळतं, गिऱ्हाईक माझ्या बोलण्याने आलंय. मग त्यातला थोडा भाग मला मिळतो. पूर्वी लग्नं जमवणाऱ्या बायका असत ना, दोन्हीकडच्या घरी जाऊन गोड बोलणाऱ्या? तसंच हे. फक्त त्यांना निदान लग्नात जेवायला बोलवायचे.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. मॅट्रिकनंतर माझं शिक्षण ते एवढंच, की ह्यांची बदली जिथे जिथे होईल तिथल्या बाजारात घासाघीस कशी करायची. शेवटची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली आणि कोलकाता आम्हाला सुटलंच नाही. मुलं बाहेर गेली. इथल्या मराठी घरांत कुणाचं लग्नकार्य निघालं की साडी बघायला मला न्यायचे. मी बोलते फार, आणि साडीबद्दल खरं बोलते. तेच फोनसमोर बोलायला लागले. पहिल्या व्हिडिओत माझं अर्धं डोकं कापलं गेलं होतं आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. तरी लोकांनी पाहिला.

ह्यांना मात्र धंदा पहिल्यापासून संशयास्पद वाटला. "माल नाही, दुकान नाही, मग पैसे कशाचे? चिटफंड तर नाही ना हा?" आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे पैसे असल्या फंडांत बुडालेत, तेव्हा त्यांचंही चूक नव्हतं. पहिलं कमिशन खात्यात आलं तेव्हा ह्यांनी बँकेत जाऊन विचारलं, हे पैसे परत तर जाणार नाहीत ना.

खरं सांगायचं तर या कामाचा पायाच संशयाचा आहे. गरीब माणूस वस्तू घेताना किंमत विचारतो. श्रीमंत माणूस विचारतो, ही आणखी कुणाकडे आहे. आणि दुसऱ्या श्वासाला विचारतो, तुम्हाला यात काय मिळतं? मी लपवत नाही. "मला कमिशन मिळतं" म्हटलं की ते खूश होतात, चोर पकडल्यासारखे. न्यू टाउनचे एक साहेब होते. कॉफीच्या यंत्राबद्दल आठवडाभर मला प्रश्न विचारत होते. दूध कुठून ओतायचं, आवाज किती होतो, मोलकरणीला जमेल का. मी कॉफी पीत नाही हो! चहावाली बाई मी. तरी सगळं वाचून वाचून उत्तरं दिली. शेवटी साहेबांनी यंत्र दुसरीकडून घेतलं आणि माझ्या लिंकवरून ते साफ करायचा ब्रश मागवला. वर निरोप, "माशीमा, तुमची आठवण ठेवली."

पण ब्रशवाले परवडले. खरी धास्ती असते ती परत करणाऱ्यांची. वस्तू गेली म्हणजे कमिशन मिळालं असं नसतं. परत करायची मुदत संपेपर्यंत ते नुसतं टांगून राहतं. आणि श्रीमंतांना परत करायला लाज वाटत नाही. साडीच्या बाबतीत तर काय सांगू! एखादी सुंदर पैठणी घ्यायची, लग्नात मिरवायची, टॅग आत खोचून ठेवायचा, अन् दुसऱ्या दिवशी "रंग फोटोसारखा नाही" म्हणून पाठवून द्यायची. असं करणाऱ्या बायका आहेत. मी लग्नात शेजारी बसून टॅग पाहिलाय.

तर यंदा पावसाळ्यात साड्यांच्या एका कंपनीतून फोन आला. पूजा नावाची मुलगी, आवाज अगदी मधाचा.

"मॅम, तुमच्या लिंकवरून गेलेल्या पैठण्या परत येतायत."

"एखाददुसरी येणारच की गं."

"नाही मॅम. एकाच घरातून. पत्ता मी सांगू शकत नाही, पण एरिया बालीगंज. घेतात, परत करतात. पुन्हा घेतात. मॅम, ते तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तिला म्हणायचं होतं, मी आणि ते गिऱ्हाईक मिळून काही करतोय का.

"माझे केस पिकलेत बाई," मी म्हटलं.

"मॅम, तसं नाही. पण या पत्त्यावरून आणखी एक रिटर्न आला तर तुमचं खातं बंद होईल. सिस्टिमच करते."

सिस्टिमशी भांडता येत नाही, हे एक वाईट असतं. बाकी कंपन्यांचं किरकोळ होतं. साड्या हेच माझं खरं काम, आणि तेच जायची वेळ आली. त्याहून लागलं ते दुसरंच. माझ्यावर आळ!

मी दुसऱ्याच दिवशी नवा व्हिडिओ केला. कुणाचं नाव न घेता, पण बालीगंजकडे तोंड करून. आपल्याकडे नव्या साडीची घडी मोडायची रीत आहे ना, ते सांगितलं. नवी साडी आपण एकदम नाही नेसत. आवडीच्या माणसाला पहिल्यांदा नेसायला देतो. नणंदेला, जावेला, शेजारणीला. तिने घडी मोडली की मग ती आपली. बंगाली-मारवाडी बायकांना मी हिंदीत समजावलं, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे रोखून पाहत म्हटलं, "एकदा टॅग कापला, घडी मोडली, हळदीकुंकू लागलं, की ती साडी परत जात नसते. कुणी घेत नाही. तेव्हा घ्यायची असेल तर मनापासून घ्या."

मला वाटलं, बरोबर बसला टोला.

चारसहा दिवसांनी माझ्या फोनवर मराठीत निरोप आला. "ताई, तुमच्या लिंकवरून अंजिरी पैठणी घेतली आहे. घरात मराठी कुणी नाही. तुम्ही घडी मोडायला याल का?" खाली नाव, शकुंतला रॉय. खाली पत्ता. बालीगंज.

मी तो ह्यांना वाचून दाखवला. ह्यांनी चष्मा काढला. "सापळा आहे."

"कसला?"

"तू नेसणार. मग ती म्हणणार, मला वापरलेली साडी आली. फोटो तुझा. खातं तुझं. गेलीस तू!"

मला हसू आलं, पण पटलंही. नाही गेले तर साडी परत जाणार आणि खातं बंद. गेले तर काय होणार कोण जाणे. निदान तोंड तरी बघू त्या बाईचं, असं म्हणून मी निघाले. हे साक्षीदार म्हणून बरोबर. डमडमहून मेट्रोने कालीघाट, तिथून ऑटो. वाटेत ह्यांनी मला तीनतीनदा बजावलं, "पाणी सुद्धा पिऊ नकोस."

जुना मोठा बंगला. संगमरवरी जिना, दिवाणखान्यात एसी, आणि त्या थंडगार खोलीत एका टोकाला लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई. ऐंशीच्या आसपासच्या असाव्यात. माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"या, या. बसा ना. एकटू चहा घ्या. साखर घालू ना?"

निरोप कुणाकडून तरी लिहून घेतला असेल असं मला वाटलं होतं, म्हणून त्यांच्या तोंडून मराठी ऐकून मी चाटच पडले. पण त्या मराठीला गंज चढला होता, मधूनच बंगाली शब्द लागत होता. अमरावतीच्या. वडील बदलीवर इथे आले, लग्न बंगाली घरात झालं, चहाच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे. "आई होती तोवर मराठी बोलायचे. मग कुणाशी बोलणार? भिंतीशी?" असं म्हणून हसल्या. आणि मग परत, "साखर घालू ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा ह्यांनीच प्यायला, बरं का. मी नाही.

साडी समोर आणली. कंपनीची घडी, कंपनीचा टॅग, सगळं जागच्या जागी. मी फोन काढून आधी त्याचं शूटिंग केलं. काठ, पदर, टॅग, सगळं. बाई शांतपणे बघत होत्या.

"पुरावा?" त्यांनी विचारलं.

"आठवण," मी म्हटलं. खोटंच.

मग मी आढेवेढे घेतले. ब्लाउज हिरवा आहे, उंची जास्त आहे, माझे हात खराब आहेत. त्यांनी काही ऐकलं नाही. "माझी आई नवी साडी शेजारच्या नर्मदाकाकूंना द्यायची घडी मोडायला. काकू तर तुमच्याहून उंच होत्या." अन् बोलता बोलता त्यांनी कात्री घेतली आणि कुट्टकन टॅग कापला. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत कापून मोकळ्या.

नेसले. काय करणार? आतल्या खोलीत आरशासमोर हिरव्या ब्लाउजवर अंजिरी पैठणी नेसून उभी राहिले. साडी मात्र अशी होती, की मी क्षणभर सगळं विसरले. पदरावरचा मोर उलट बाजूने पाहिला, तिथेही तितकाच नीट. बाहेर आले तर बाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभ्या. माझी ओटी भरली. कुंकू लावलं, आणि लावता लावता चिमूटभर कुंकू माझ्या पदरावर पडलं.

पडलं असं मी म्हणते. पण मी पाहिलं ना. पडल्यावर त्यांनी ते झटकलं नाही. अंगठ्याने दाबून नीट चोळलं. खांद्याजवळ, चांगला रुपयाएवढा डाग.

ह्यांचं बरोबर होतं!

मग माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "आता नाही ना परत जात?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की? कुणीही पाठवली तरी?"

"कुणीही पाठवली तरी."

"बरं झालं," म्हणाल्या आणि चहाचं विचारायला लागल्या.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्याकडून शूटिंग मागून घेतलं आणि ते तीन ठिकाणी जपून ठेवलं. रेल्वेची सवय.

आठवडा जातो न जातो तोच पूजाचा फोन. मधाचा आवाज आटलेला. "मॅम, त्या पत्त्यावरून रिटर्न टाकलाय. अंजिरी पैठणी. आमचा माणूस साडी न्यायला गेला होता, पण टॅग नाही, डाग आहे, म्हणून त्याने घेतली नाही. गिऱ्हाईक भांडतंय. तुमचं खातं थांबवलंय, चौकशी होईपर्यंत."

मी शूटिंग पाठवते म्हणेपर्यंत दुसरा फोन यायला लागला. पुरुषी आवाज, सरळ हिंदीत. "आप ही हैं वो लिंकवाली?"

शकुंतलाबाईंचा मुलगा. बोलला तो फार काही चुकीचं नाही बोलला, म्हणून ते आजही टोचतं. म्हणाला, माझी आई सगळं विसरते. दिवसभर तुमचे व्हिडिओ बघते, काहीतरी मागवते, दुसऱ्या दिवशी तिला आठवत नाही. मी सगळं परत करतो, मुकाट्याने. आजवर तक्रार केली नाही. पण तुम्ही घरी आलात? टॅग कापलात? "बूढ़े लोगों को फँसाना, यही आपका काम है?"

तर हे होतं! लग्नात मिरवणारी बाई वगैरे कुणी नव्हती. आई घ्यायची, मुलगा परत करायचा.

साखर घालू ना, साखर घालू ना, तेच कानात यायला लागलं. खरंच विसरत असतील तर? मी कुणाशी बोलतेय हे मला व्हिडिओ करताना दिसत नाही. पलीकडे कोण बसलंय, किती एकटं आहे, मला काय माहीत? मी आपली गोड बोलते. गोड बोलायचेच मला पैसे मिळतात.

आणि मग ते रुपयाएवढं कुंकू डोळ्यांपुढे आलं. अंगठा आला. कात्री आली. "कुणीही पाठवली तरी?" असं विचारणारी बाई आली. अहो, विसरणारं माणूस असं करतं? माझाच व्हिडिओ तिने नीट ऐकला होता. मी टोला हाणला बालीगंजकडे, आणि बालीगंजने तो झेलून खिशात घातला. टॅग कापला, घडी मोडली, हळदीकुंकू लावलं. मी सांगितलं होतं त्याच क्रमाने!

"आई आहेत का तिथे?" मी विचारलं.

होत्याच. मागून आवाज आला, बारीक पण ठाम. "खोकन, ओटा थाक." राहू दे ते. पन्नाशीच्या मुलाला अजून खोकन, म्हणजे बाळ म्हणत होत्या. मग बंगाली सोडून मराठीत, बहुधा मला ऐकू जावं म्हणून, "घडी मोडलीय तिची. आता ती माझी. आता नाही जात परत."

मग मुलाने मला विचारलं, "क्या बोल रही हैं?"

बघा, कसं असतं. इतकी वर्षं आई समोर, आणि तिची भाषा त्याला येत नव्हती. दोष कुणाला द्यायचा? आमचीही नातवंडं "आजी, मला भूक लागला" म्हणतात. मी हिंदीत सांगितलं, "म्हणतायत, साडी त्यांची आहे. परत जाणार नाही."

"ये माँ ने कहा," तो हळूच म्हणाला, "या आप कह रही हैं?"

इतक्या वर्षांत माझ्यावर पुष्कळ संशय घेतले गेले, पण इतका रास्त कुणी घेतला नव्हता. त्या वाक्यात माझा फायदा होता, त्याला दिसत होतं. मी म्हटलं, "माझ्यावर नका विश्वास ठेवू. त्यांनाच विचारा. तुमच्या भाषेत विचारा. फोन चालू ठेवा, मी बोलत नाही."

त्याने विचारलं. बंगालीत, जरा वैतागून, मग जरा हळू. त्या काय म्हणाल्या ते मला सगळं कळलं नाही. अमरावती ऐकू आलं, आई ऐकू आलं, नर्मदाकाकू ऐकू आलं. मग हसण्याचा आवाज, पण कुणाचा ते नाही कळलं. फोन बंद झाला.

रिटर्न त्याने मागे घेतला. माझं खातं चालू झालं. कमिशनसुद्धा आलं, आणि मी ते घेतलं. हे म्हणाले, "घ्यावंस का?" मी म्हटलं, "टॅग त्यांनी कापला, नेसले मी. फुकट नाही घेतलं." पण तेव्हापासून व्हिडिओच्या शेवटी मी एक वाक्य घालते: घेण्याआधी घरात कुणाला तरी सांगा. पूजा म्हणते, मॅम, असं म्हटल्याने विक्री कमी होते. होऊ दे. कमी झालीही. पण ते वाक्य म्हणताना मला शकुंतलाबाईंचा अंगठा दिसतो आणि ते बरोबर की चूक तेही ठरवता येत नाही. घरात सांगितलं असतं तर त्यांना ती साडी कधी मिळालीच नसती.

यंदा इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कोजागरीला मी त्यांना बोलावलं होतं. आल्या. अंजिरी पैठणी नेसून, मुलाचा हात धरून. मी आधी खांदा पाहिला. डाग तसाच. ड्रायक्लीनला टाकली असती तर निघाला असता. नव्हता काढला. उलट पदर असा घेतला होता, की तो बरोबर पुढे यावा.

बायका दुधाचे पेले घेऊन भोवती जमल्या. कुणीतरी म्हणालं, "अहो, तुमच्या साडीला कुंकू लागलंय."

"हो," शकुंतलाबाई म्हणाल्या, "मीच लावलंय."

मुलगा माझ्याकडे बघत उभा होता, त्या अलिपूरच्या ड्रायव्हरसारखा, वरून खाली. मग जवळ आला. आईच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून त्याने उलटून पाहिलं आणि मला विचारलं, "असली है ना?"

मी आईकडे बोट दाखवलं.